बेसबॉल खेळाडूच्या बायकोचे बिऱ्हाड: फेब्रुवारी ते सप्टेंबर

ओसरी (धागाकर्ती)

अमेरिकेत आयोवा राज्यातील डेमॉईन या शहरात आम्ही राहतो. येथे ‘आयोवा कब्ज’ नावाचा बेसबॉल संघ आहे आणि त्या संघातील काही खेळाडूंची कुटुंबे दर उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत महिन्याच्या करारावर राहायला येतात. खेळाडूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या बायकोचा संसार कसा चालतो याविषयी मराठीत माझ्या वाचनात काही आलेले नाही, म्हणून शेजारणींशी झालेल्या गप्पांतून आणि थोड्याफार वाचनातून जे समजले ते येथे मांडते. माझे म्हणणे एवढेच आहे की या बायकांना प्रवासापेक्षा अनिश्चितता जड जाते, आणि ही अनिश्चितता बरीचशी खेळाडूंच्या करारांत आणि संघबांधणीच्या नियमांतच लिहून ठेवलेली आहे.

ज्यांना या खेळाची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मेजर लीग ही या खेळातली सर्वांत वरची व्यावसायिक साखळी. तीत ३० क्लब आहेत आणि २०२१ सालच्या फेररचनेनंतर प्रत्येक क्लबला मायनर लीगमधील, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या साखळीतील, पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ जोडलेले आहेत: खालून वर लो-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. शिकागो कब्ज या क्लबचे उदाहरण घेतले तर लो-ए संघ साउथ कॅरोलायनातील मर्टल बीचला, हाय-ए इंडियानातील साउथ बेंडला, डबल-ए टेनेसीतील नॉक्सव्हिलला आणि ट्रिपल-ए आमच्या डेमॉईनला आहे. शिवाय हंगामापूर्वीचे सराव शिबिर ॲरिझोनातील मेसा येथे भरते. म्हणजे मालक एकच असला तरी शिकागो गाठेपर्यंत पाच राज्यांत चूल मांडावी लागते, आणि हिवाळ्यातले घर बहुधा आणखी भलत्याच गावी असते. मध्येच क्लबने खेळाडूची दुसऱ्या क्लबशी अदलाबदल केली, तर हा सगळा नकाशा एका दुपारीत बदलतो.

आता नियमांकडे वळते. क्लबच्या मेजर लीगसाठीच्या चाळीस जणांच्या यादीत असलेल्या खेळाडूला ठरावीक वर्षे ‘ऑप्शन’वर खाली, म्हणजे मायनर लीगमध्ये, पाठवता येते. २०२२ पासून एका हंगामात असे पाचपेक्षा जास्त वेळा करता येत नाही, ही खेळाडूंना मिळालेली सवलत समजली जाते! एकदा खाली पाठवले की पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) किमान १५ दिवस आणि इतरांना १० दिवस खालीच राहावे लागते. वर कोणाला दुखापत झाली तर मात्र तो नियम शिथिल होतो. हे दिवस क्लबच्या सोयीने ठरलेले आहेत. घरभाड्याचा महिना, मुलांच्या शाळेचे सत्र किंवा गर्भवतीच्या तपासणीची तारीख त्यांत कोठेही बसत नाही.

माझ्या शेजारणीचा नवरा पिचर आहे आणि ती स्वतः परिचारिका आहे. वर बोलावल्याचा निरोप रात्रीच्या सामन्यानंतर येतो, खेळाडू पहाटेच्या विमानाने निघून जातो, आणि मागे राहिलेले घर, गाडी, मूल, वीजबिल व अर्धवट भरलेले फ्रीज हे सारे बायकोच्या वाट्याला येते. ती गाडी काढून सुमारे साडेपाच तासांवरच्या शिकागोला जाते, तेथे हॉटेलच्या खोलीत मुलाला रुळवते, आणि रुळवेपर्यंत नवरा परत खाली आलेला असतो. तिच्या गाडीची डिकी मी एकदा पाहिली. त्यात हवा भरायची गादी, विजेवर चालणारी कढई, मुलाचा घडीचा पाळणा आणि घट्ट झाकणाची एक प्लास्टिकची पेटी होती. पेटीत लग्नाचा दाखला, लसीकरणाच्या नोंदी, वेगवेगळ्या गावांतल्या डॉक्टरांचे कागद आणि गाडीच्या विम्याची प्रत. ही पेटी घरात कधीच उचलून न नेता हंगामभर डिकीतच ठेवते, असे तिने सांगितले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, हिचे डिकीत असते.

रोजचा दिवसही सरळ नसतो. संध्याकाळच्या सामन्यासाठी खेळाडू दुपारी एक-दीडलाच मैदानावर जातो आणि रात्री अकराच्या सुमारास घरी येतो. त्यानंतर त्याचे जेवण होते, आणि डोक्यातला सामना उतरायला आणखी तास-दीड तास जातो. तो सकाळी दहाला उठतो. मूल सहाला उठते. त्यामुळे ती दोन वेळापत्रके एकाच वेळी जगते. २०२१ पासून मायनर लीगमध्ये बहुतेक आठवडे मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असा क्रम असतो. संघ बाहेरगावी गेला की संघाच्या बसमध्ये किंवा विमानात बायकांना सहसा जागा नसते. जायचे असेल तर स्वखर्चाने जायचे.

ज्यांना अमेरिकेत, जपानात किंवा अन्यत्र अशा कुटुंबांचा सहवास मिळाला असेल त्यांनी अवश्य लिहावे.

गच्ची

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु सहानुभूतीचा सूर मला थोडा जास्त वाटला. मेजर लीगमध्ये २०२६ सालचे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे. एवढे पैसे हाती आल्यावर हॉटेल काय आणि दोन ठिकाणची भाडी काय, परवडतातच. आपल्याकडे बँकेतल्या आणि महसूल खात्यातल्या लोकांच्या बायकांनी बदल्यांपायी आयुष्यभर हेच केले, तेही तुटपुंज्या पगारात.

तळटीप

गच्ची यांनी दिलेला आकडा बरोबर आहे, पण तो वरच्या पायरीचा आहे. ३० क्लबांत प्रत्यक्ष सामन्यांसाठीच्या यादीतले प्रत्येकी २६ जण धरले तर त्या पायरीवर एका वेळी ७८० जागा असतात. त्यांच्या खाली काही हजार खेळाडू असतात आणि त्यांतील बहुतेकांना वरचा पगार कधीच पाहायला मिळत नाही.

खालचे आकडे मी देतो. २०२३ पूर्वी ट्रिपल-ए खेळाडूचे किमान उत्पन्न वर्षाला १७,५०० डॉलरच्या आसपास होते आणि लो-ए मध्ये ११,००० डॉलर. पगार हंगामापुरताच मिळे. सराव शिबिराचे दिवस बहुतांशी बिनपगारी धरले जात. याविरुद्ध २०१४ साली माजी खेळाडूंनी खटला दाखल केला. तो चालू असतानाच २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने खर्चाच्या एका मोठ्या विधेयकात कलम घालून मायनर लीगच्या खेळाडूंना संघराज्याच्या किमान वेतन कायद्यातून बहुतांशी वगळले. अखेर २०२२ मध्ये मेजर लीगने १८ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मेजर लीग खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि मार्च २०२३ अखेर त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार ट्रिपल-ए चे किमान वेतन ३५,८००, डबल-ए चे ३०,२५० आणि लो-ए चे २६,२०० डॉलर झाले.

या सगळ्या वर्षांत घर कोणाच्या पगारावर चालत होते, हा प्रश्न विचारायला हवा. अनेक घरांत तो पगार बायकोचा होता, आणि तीच गावोगाव हिंडत असल्यामुळे तिलाही धड नोकरी टिकवता येत नव्हती. बदलीच्या सरकारी नोकरीशी तुलना मला त्यामुळे पटत नाही. तेथे निवृत्तिवेतन, क्वार्टर आणि बदलीचा भत्ता असतो; येथे राहण्याची सोय क्लबने करावी हा नियमसुद्धा २०२२ च्या हंगामापासून आला. त्यापूर्वी एका भाड्याच्या घरात पाच-सहा खेळाडू जमिनीवर गाद्या टाकून राहात, आणि त्यात एखाद्याची बायको आली की तिने कोठे राहायचे हा ज्याचा-त्याचा प्रश्न असे. २०२३ च्या करारात विवाहितांच्या आणि मुलाबाळांच्या वेगळ्या सोयीचा उल्लेख प्रथमच आला.

पारंबी

ओसरीताई, तुमची शेजारीण परिचारिका आहे हे वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटली. अमेरिकेत परिचारिकेचा परवाना राज्यागणिक घ्यावा लागतो; मात्र बहुसंख्य राज्यांनी आपसात करार केला असल्याने त्यांपैकी एका राज्यात कायमचे घर असलेल्या परिचारिकेला एकच बहुराज्यीय परवाना मिळू शकतो. आयोवा, टेनेसी, ॲरिझोना, इंडियाना आणि साउथ कॅरोलायना त्या करारात आहेत, शिकागो ज्या राज्यात आहे ते इलिनॉय नाही. म्हणजे नवरा शिकागोला पोहोचला, सगळ्यांनी अभिनंदन केले, आणि नेमके तेथेच हिचे काम थांबले. शिक्षिकांची स्थिती याहून कठीण, कारण त्यांचा परवाना असा सहज चालत नाही. खेळाडूंच्या बायका घरबसल्या संगणकावर करता येण्याजोगी कामे शोधतात, त्याला आवडीबरोबर हेही कारण आहे.

परदेशी खेळाडूंच्या बायकांचा प्रश्न तर आपल्या ओळखीचाच आहे. मेजर लीगमध्ये चारांतील एकाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले असतात. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, क्यूबा, जपान ही त्यांतली ठळक नावे. खेळाडू साधारणपणे पी-१ व्हिसावर येतो आणि बायको पी-४ वर. पी-४ वर शिक्षण घेता येते, नोकरी करता येत नाही. आपल्यापैकी ज्या एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्या नवऱ्यामागून मिळणाऱ्या व्हिसावर) आल्या त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. २०१५ पासून आपल्यातल्या काहींना, नवऱ्याचे ग्रीन कार्ड विशिष्ट टप्प्यावर पोहोचल्यावर, कामाची परवानगी मिळू लागली; पी-४ वाल्यांसाठी तशी वाट नाही. माझ्या इंग्रजीच्या वर्गात एका कॅचरची (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याची) डॉमिनिकन पत्नी येत असे. स्टेडियममधल्या कुटुंबांच्या राखीव जागांत बसल्यावर आजूबाजूच्या बायका काय बोलतात ते समजावे, एवढ्यासाठी तिने नाव घातले होते. जुलैअखेर अदलाबदलीची मुदत आली आणि पुढच्या आठवड्यात तिची खुर्ची रिकामी होती. अभ्यासक्रमाची फी अर्थात परत मिळाली नाही.

जुनेपान

या विषयावर बोलताना रेचेल रॉबिन्सन यांना वगळता येणार नाही. जॅकी रॉबिन्सन हे आधुनिक मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून प्रथम खेळले. परंतु त्याआधीचे एक वर्ष पाहिले तर त्यात बायकोचा वाटा किती होता ते लक्षात येते.

दोघांचे लग्न १० फेब्रुवारी १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाले. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकींना माँट्रियल रॉयल्स या मायनर लीग संघासाठी करारबद्ध केले होते आणि सराव शिबिर फ्लॉरिडातील डेटोना बीचला होते. लग्नाला महिना होण्याआधीच नवरा-नवरी विमानाने निघाली. सोबत जॅकींच्या आईने दिलेली शिदोरी होती, तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी. न्यू ऑर्लिन्सला त्यांना पुढच्या विमानात घेतले नाही. तासन् तास थांबून पुढचे विमान मिळाले, तर पेन्साकोलाला पुन्हा उतरवले आणि त्यांच्या जागा गोऱ्या प्रवाशांना दिल्या. अखेर दोघे बसने जॅक्सनव्हिलकडे निघाली. त्या बसमध्येही चालकाने त्यांना उठवून मागच्या बाकावर पाठवले. कॅलिफोर्नियात वाढलेल्या, नर्सिंगची पदवी घेतलेल्या रेचेल यांना दक्षिणेकडील राज्यांतल्या वर्णभेदाचा हा पहिलाच अनुभव होता. संघ गोऱ्यांच्या हॉटेलात उतरला आणि हे दोघे डेटोनातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे. सॅनफर्ड या जवळच्या गावी तर धमक्यांमुळे मुक्काम अर्ध्यावर टाकून निघावे लागले.

शिबिर संपल्यावर माँट्रियलमध्ये घर शोधायचे काम रेचेल यांचे. दार तोंडावर लावले जाईल या तयारीने त्या द गॅस्पे अव्हेन्यूवरील एका घरी गेल्या. घरमालकिणीने त्यांना चहा दिला आणि सामानासकट घर भाड्याने दिले. आपली चादरी-भांडीही वापरा म्हणाली. त्या वेळी रेचेल यांना दिवस गेले होते. शेजारणी फ्रेंच बोलणाऱ्या, भाषेचा मेळ नाही, तरी त्यांनी रेशनची कुपने देऊ केली आणि गल्लीतली पोरे सामानाच्या पिशव्या उचलून आणू लागली. बाल्टिमोरच्या सामन्यात मात्र मागच्या रांगेतून येणाऱ्या शिव्या त्यांनी समोर बघत, मान न वळवता ऐकल्या. नवऱ्याने मैदानावर उलट उत्तर द्यायचे नाही असे रिकी यांच्याशी ठरले होते. प्रेक्षकांत बसलेल्या बायकोलाही तेच पाळावे लागले. फरक असा की तिला बॅट हाती घेऊन उत्तर देण्याची सोय नव्हती.

मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो तो पुढच्या भागासाठी. मुले मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा शिक्षण घेतले, येल विद्यापीठाच्या नर्सिंग विभागात अध्यापन केले, आणि जॅकींच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांच्या नावाने शिष्यवृत्तीची संस्था उभी केली. जुलै २०२२ मध्ये त्यांनी वयाची शंभरी गाठली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जॅकी रॉबिन्सन संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि त्याला त्या स्वतः उपस्थित होत्या.

गच्ची

तळटीप यांचे आकडे मान्य. बाळंतपणाविषयी थोडे लिहितो. मेजर लीगने पितृत्व रजेची स्वतंत्र यादी २०११ मध्ये सुरू केली आणि तीत रजा असते एक ते तीन दिवस. २०१४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या डॅनियल मर्फी यांनी मुलाच्या जन्मासाठी हंगामाचे पहिले दोन सामने सोडले, तेव्हा न्यूयॉर्कच्या रेडिओवरील एका निवेदकाने म्हटले की हंगामाआधीच शस्त्रक्रिया करून मूल जन्माला घालायला हवे होते. त्याला नंतर माफी मागावी लागली, पण त्याच्या मनात काय होते ते कळलेच.

आपल्याकडची आठवणही येथे अप्रस्तुत ठरू नये. रोहन गावसकर यांचा जन्म फेब्रुवारी १९७६ मध्ये झाला तेव्हा सुनील गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते; पुढे वेस्ट इंडिजचा दौरा जोडूनच होता, त्यामुळे मुलाचे तोंड दिसायला बरेच आठवडे गेले. आज क्रिकेटपटूंना रजा मिळते. तरीही भारतीय मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये ४५ दिवसांहून मोठ्या दौऱ्यात कुटुंबाला दोनच आठवडे सोबत राहता येईल असा दंडक घातल्याच्या बातम्या आल्या. कुटुंब जवळ असले की खेळाडूचे लक्ष विचलित होते, हे गृहीतक दोन्ही खेळांत सारखेच दिसते.

पारंबी

गच्ची, लक्ष विचलित होते असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच खेळाडूचे आयकराचे कागद पाहावेत. ज्या-ज्या राज्यात सामना झाला त्यांतील बहुतेक राज्यांत त्या दिवसांच्या उत्पन्नावर कर भरावा लागतो. खेळाडूंवरच्या या कराचा बोलबाला १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाने शिकागोच्या बास्केटबॉलपटूंकडून तो वसूल केला तेव्हापासून झाला. एका हंगामाची डझनभर विवरणपत्रे जुळवायची म्हणजे कोण कोठे किती दिवस होते याची नोंद हवी, आणि ती नोंद ठेवणारी व्यक्ती मैदानावर नसते.

ओसरी

सर्वांचे आभार. जुनेपान यांच्या प्रतिसादामुळे धाग्याला खोली आली.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याची मोकळीक दिली, आणि तेव्हापासून पैसे हरलेले लोक खेळाडूंच्या कुटुंबांना समाजमाध्यमांवर गाठू लागले आहेत. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचे पिचर लान्स मॅककलर्स यांच्या लहान मुलींना ठार मारण्याच्या धमक्या आल्या; पोलिसांच्या तपासात धमक्या देणारा परदेशातला, सट्ट्यात पैसे गमावलेला मनुष्य निघाला. माझ्या शेजारणीने मुलाचे फोटो टाकणे बंद केले आहे आणि राखीव जागांत बसताना ती नवऱ्याच्या नावाचा शर्ट घालत नाही.

खडीसाखर

धागा उशिरा वाचला. माझ्या पुतणीचे लग्न एका डबल-ए खेळाडूशी ठरले आहे. मुलगा गुणी आहे, पण दादा-वहिनी काळजीत आहेत. ती नोकरी सोडून त्याच्याबरोबर फिरणार म्हणते. तिने आधी काय-काय विचारून घ्यावे?

तळटीप

तो चाळीस जणांच्या यादीत आहे का, आणि त्याची ऑप्शनची किती वर्षे उरली आहेत, हे पहिले. त्यावरून पुढची दोन-तीन वर्षे कशी जातील याचा बराचसा अंदाज येतो. दुसरे असे की मेजर लीगमध्ये एकूण ४३ दिवस भरले तर निवृत्तिवेतनाचा हक्क सुरू होतो. म्हणून वरचा बोलावा आठवड्याभराचा असला तरी तो ‘काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नये, दिवस मोजावेत. क्लब विवाहितांना घर देतो की भाड्याचे पैसे देतो, तेही लेखी घ्यावे.

ओसरी

खडीसाखर, तुमचा प्रश्न मी शेजारणीला विचारला. तिचे म्हणणे असे की पहिल्या वर्षी नोकरी सोडू नये. रजा घेऊन घरच्या सामन्यांच्या आठवड्यांना जावे आणि ट्रिपल-ए ला गेल्यावर पुन्हा विचार करावा. भाडेकरार महिन्याचाच करावा, आणि मुदतीआधी घर सोडण्याचे कलम घरमालकाकडून सही करून घ्यावे. गाडी दोघांच्या नावावर असावी, कारण तो दुसऱ्या राज्यात असताना विमा किंवा नोंदणी बदलायची वेळ आली की नेमके त्याच्या सहीवाचून अडते. डॉक्टर मात्र माहेरच्या गावचाच ठेवावा, असे तिने दोनदा सांगितले.